ओमानहून अस्सल भेटवस्तू काय आणावी?
मस्कतला मत्राहच्या बाजारात शिरलात की आधी पश्मिना शालींकडे पाठ फिरवा. त्यातल्या बऱ्याचशा आपल्याकडूनच तिकडे गेलेल्या असतात. घ्यायचा तर लुबान. दक्षिण ओमानातल्या ढोफार प्रांतातल्या झाडांच्या खोडाला चिरा पाडून काढलेला हा सुगंधी डिंक, धुपासारखा निखाऱ्यावर टाकायचा. ‘होजारी’ प्रतीचा मागा. फिकट, हिरवट झाक असलेले स्वच्छ खडे उत्तम. तपकिरी, सालपटं चिकटलेले असतील तर भाव निम्म्यावर आणा, नाहीतर सरळ पुढचं दुकान गाठा. एक खडा जाळून दाखवायला सांगा, लाजू नका.

खाऊ म्हणून केशर-गुलाबपाण्याचा ओमानी हलवा. गाजरहलवा डोळ्यासमोर आणू नका, हा चिकट, आपल्या कराची हलव्याचा चुलतभाऊच. आणि चांदीच्या मुठीचा खंजीर घेतलाच, तर तो चेक-इन बॅगेतच ठेवा.