थोरलीला फोटोपुरती बसवू नका

"बारशात आमची पाच वर्षांची लेक रुसून बसली तर पाहुण्यांसमोर शोभा होईल," असं तुम्ही लिहिलंय. काळजी अगदी समजते. बाळंतपणाला माहेरचं कुणी नाही, नणंद भारतात आणि थोरली पदर सोडत नाही. पण पुढे तुम्हीच लिहिता, "तिला नवं परकर-पोलकं आणलंय, फोटोत बाळाशेजारी बसवू." इथे मात्र रागावते. परकर-पोलक्याने तिचं मन दहा मिनिटं रमेल. तिला काम द्या, आणि तेही असं की तिने ते केल्याशिवाय बारसं पुढे सरकणार नाही.

गोप्या, म्हणजे बाळाच्या आधी पाळण्याखालून-वरून फिरवतात तो दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा, तिच्याकडे सोपवा. दगडी वरवंटा जड, पायावर पडला तर बोट ठेचेल. म्हणून लाटणं घ्या. दुपट्याचं खालचं टोक वर, मग दोन्ही बाजू आत, वरून कुंची. हे तिलाच गुंडाळू दे. ती बुटकी, म्हणून पाळण्याखालून गोप्या देण्याची बाजू तिची. पलीकडची बाई "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत तो वरून परत देईल. खरं बाळ फिरवताना मात्र तिला बाजूला घ्या, कारण बाळाची मान अजून धरलेली नसते. आमच्या घरच्या बारशांत गोप्या कायम थोरल्या भावंडाकडेच असतो आणि रुसवा निम्मा तिथेच विरतो.

उरलेला निम्मा नावाने जाईल. "आत्या व्हिडिओ कॉलवर आहे, नाव कानात कसं सांगणार?" असं विचारलंय तुम्ही. फोन बाळाच्या कानाला लावू नका, आवाज फार मोठा होतो. आत्याने नाव थोरलीला सांगावं, थोरलीने बाळाला. सासूबाईंना सांगा, मान आत्याचाच राहतो, भाची फक्त तिचा निरोप पोचवते. "आधी सांगितलं तर ती नाव फोडेल" ही तुमची भीतीही यात मिटते, कारण तिलाही ते तेव्हाच कळतं. आदले दोन दिवस बाहुलीवर तालीम करा, तीही दुसऱ्याच नावाने. नावाआधी कानात करायचं "कुर्रर्र" मुलं जोरात ओरडतात. कानापासून वीतभर लांब राहून कुजबुजायला शिकवा. नाव सांगणाऱ्याच्या पाठीवर बाकीचे धपाटे घालतात, ते तिलाही पडणार हेही तालमीत दाखवा आणि मोठ्यांना हात हलका ठेवायला बजावा. अचानक चार हात पाठीवर पडले की पाच वर्षांचं मूल रडतंच. कॉल दहा मिनिटं आधी लावून चालूच ठेवा.

पाहुणे आल्यावर अर्ध्या तासात पाळणा सुरू करा. थोरलीला त्याआधी जेवू घाला. भूक आणि ताटकळणं यांनीच बहुतेक मुलांचं बिनसतं. हात साबणाने धुवा. तिला सर्दी असेल तर बाळाच्या तोंडाजवळ तोंड नको. मग नाव तिच्याऐवजी तुम्ही सांगा, गोप्या तिच्याकडेच राहू दे. निरांजन पाळण्यापासून आणि तिच्या परकराच्या घेरापासून लांब, उंचावर ठेवा.

बारावा दिवस बुधवारी येतोय? शनिवारी करा, बिनदिक्कत. जेवण बाहेरून मागवा, त्यात कमीपणा नाही. घुगऱ्या तेवढ्या घरी करा: तीस जणांना अर्धा किलो हरभरे रात्रभर भिजवून. वाट्या थोरलीला वाटू दे, मात्र चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा हरभरा देऊ नका, घशात अडकतो. त्यांच्यापुरत्या कुस्करून वेगळ्या ठेवा.