आमिश आणि मेनोनाइट हे साधेपणाने राहणारे ख्रिस्ती पंथ. त्यांच्यातले लोक कोर्टात जात नाहीत. मग मंडळीतल्याच कुणी फसवलं तर मूग गिळून बसतात का, आणि त्या निराशेचं काय करतात, असं तुम्ही विचारलंय.

बसतात, बरेच जण बसतात. पण बसावं असा नियम मात्र कुठेच नाही, आणि हे सांगण्यासाठीच लिहायला घेतलंय.

मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत एका जुन्या वळणाच्या मेनोनाइट घरात सून म्हणून आले. माहेर नगरचं, मराठी मिशनच्या मंडळीतलं. आमच्याकडे गाड्या आहेत, वीज आहे. टीव्ही नाही, इंटरनेट कामापुरतं. घोडागाडीवाले आमिश वेगळे, त्यांची शिस्त जास्त कडक. पण भांडण मिटवायची रीत दोघांची एकच, बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातली, म्हणजे मत्तय 18 मधली. ज्याने दुखावलं त्याच्याकडे आधी एकट्याने जायचं. त्याने ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही, तर मंडळीपुढे. 1527 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइमला आमच्या पूर्वजांची जी सात कलमं ठरली त्यांतही हेच आहे. म्हणजे पहिली पायरीच मुळी बोलण्याची आहे.

आमचं झालं ते असं. माझा नवरा आणि मंडळीतले एक बंधू मिळून परसात सामान ठेवायच्या लाकडी शेड बनवायचे. सगळा व्यवहार तोंडी. भागीदारी मोडली तेव्हा नवऱ्याचा वाटा त्यांच्याकडे अडकला. लाकूड, यंत्रं, गिऱ्हाइकांनी दिलेली आगाऊ रक्कम, सगळंच. नवरा रीतीप्रमाणे एकटा जाऊन बोलून आला. "आपण भाऊ-भाऊ, हिशोब कसला करायचा?" असं उत्तर मिळालं. पुढे कुणाला सोबत न्यायची वेळ आली तेव्हा एकही माणूस मिळेना. आमचे थोरले दीरसुद्धा नाही. ते म्हणाले, प्रकरण उकरलंत तर शांती मोडेल, आणि मोडणारे तुम्ही असाल.

इथे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, वर्षातून दोनदा असतं, वसंतात आणि शरदात. त्याआधी प्रत्येकाला पाळकांसमोर सांगावं लागतं की माझी देवाशी आणि मंडळीशी शांती आहे. आमच्याकडे बिशप आणि पाळक बाजूच्या खोलीत बसतात आणि आपण रांगेने आत जातो. माझ्या पुढची बाई 'शांती आहे' म्हणून बाहेर पडली. मी म्हटलं, "देवाशी आहे. मंडळीतल्या एका घराशी नाही, आणि कारण तुम्हाला ठाऊक आहे." बिशपांनी चष्मा काढला, शेजारच्या डीकनकडे, म्हणजे मंडळीच्या सेवकाकडे, पाहिलं आणि विचारलं, "मला का ठाऊक नाही?" डीकन खाली बघत राहिले. आमच्या ओट्यावर बसून कॉफी घेताना त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि आपल्यापाशीच ठेवलं होतं.

त्या वेळी मी प्रभुभोजन घेतलं नाही. बाकावर बसून राहिले. लोकांनी पाहिलं, कुजबुज झाली, सासूबाई आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पण काम झालं. बिशपांनी हिशोबात मुरलेले दोन बंधू नेमले, एक गोठेवाले, एक पशुखाद्याच्या गिरणीतले. आमच्या जेवणाच्या टेबलावर बुटांच्या खोक्यातली लाकडाची बिलं आणि कार्बन लावून फाडलेल्या पावत्या पसरल्या. ज्यांच्याकडे आमचा वाटा अडकला होता त्या बंधूंची बायकोही आली होती. आगाऊ रकमांबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. हप्ते ठरले, कागदावर लिहिले गेले, चौघांच्या सह्या झाल्या. प्रभुभोजनाच्या वेळी जोडीने एकमेकांचे पाय धुवायची आमची रीत आहे, आणि पुढच्या वेळी माझी जोडी तिच्याशीच लागली. आम्ही एकमेकींचे पाय धुतले, गळाभेट घेतली. तरी पूर्वीसारख्या एकमेकींकडे रजया शिवायला जात नाही. निराशेचं काय करायचं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. तिचं हे असंच होतं. पैसे परत येतात, मैत्री येतेच असं नाही. त्याचं खोटं नाटक करू नये.

दीर अजून मला निकेल माइन्सचा दाखला देतात. 2 ऑक्टोबर 2006 ला तिथल्या आमिश शाळेत एकाने पाच मुलींचा जीव घेतला, आणि आमिश लोक त्याच दिवशी त्याच्या घरच्यांना क्षमा करायला गेले. "त्यांनी पोरी गमावून क्षमा केली आणि तू पैशाचं धरून बसलीस?" त्या माणसांपुढे मी मान झुकवते. पण तिथे काय घडलं आणि कुणी केलं हे साऱ्या जगाला माहीत होतं. कुणी काही झाकत नव्हतं. झाकलेल्या गोष्टीला क्षमा करा म्हणणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि ज्या बाईने आपली तक्रार मांडली तिलाच शांती मोडणारी ठरवायचं, हा कुठला न्याय?

उलट, न बोलल्यानेच मंडळ्या फुटल्या आहेत. याच लँकेस्टरमध्ये 1889 मध्ये एका प्रार्थनागृहात नवं व्यासपीठ बसवलं, तर कुणीतरी ते रातोरात उखडून काढलं. समोरासमोर बसून बोलायचं सोडून अंधारात करवत! 1893 मध्ये बिशप जोनस मार्टिन वेगळे झाले. कारणं आणखीही होती, पण ही धुसफूस त्यात होतीच. पुढे 1927 मध्ये त्यांचाही गट मोटारगाडीवरून दुभंगला.

मंडळीचंही न ऐकणाऱ्याला वाळीत टाकतात, त्याबद्दल थोडंच सांगते. महाराष्ट्रात 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे लगेच जातपंचायत येते. इथे तो प्रकार फक्त स्वतःहून बाप्तिस्मा घेतलेल्या मोठ्या माणसाला लागू होतो आणि आमच्या मंडळीत आमिशांपेक्षा सौम्य आहे. पण सोसणाऱ्याला तो तितकाच लागतो. 1947 मध्ये ओहायोत अँड्र्यू योडर यांनी तर यावरून आपल्याच जुन्या मंडळीच्या बिशपांना कोर्टात खेचलं, आणि ज्यूरीने त्यांना 5,000 डॉलर मंजूर केले. मी कोर्टात गेले नसते. पण त्यांना नावं ठेवणाऱ्यांना विचारते, मंडळीत त्यांचं ऐकायला कोण बसलं होतं?

तुम्ही स्वतः अशा मंडळीत असाल तर व्यवहार पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, भावाशी असला तरी. आधी त्या माणसाकडे जा, बाकी गावाकडे नको. डीकनला सांगून भागलं असं समजू नका, बिशपांपर्यंत गेलं का ते विचारा. आणि शांती नसेल तर 'आहे' म्हणू नका.

एक राहिलं. हे सगळं पैसे, मानापमान, जमीनजुमला यांच्यापुरतं. लेकराला कुणी हात लावला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर मत्तय 18 ची वाट बघायची नाही, सरळ पोलिसांना फोन करायचा. मुलांच्या बाबतीत पेनसिल्व्हेनियात पाळकांवरही कळवण्याचं कायद्याने बंधन आहे. इथे दीर आणि मी एकाच बाजूला आहोत.