‘आमचा स्ट्रायकर कधी परतणार?’ : क्रीडावैद्यकाची प्रश्नोत्तरे

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक स्वतःच्या गुडघ्याबद्दल विचारतात, या दिवसांत दुसऱ्याच्या. क्लबचा कोण बाहेर आहे, कोण परत येतोय, कुणावर भिस्त ठेवायची आणि या सगळ्याचा हिशोब करून आपण साखळीत कितवे येऊ. मी खेळाडूंच्या दुखापती बघणारा डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही. पण एका क्लबचा चाहताही आहे (कोणत्या ते सांगत नाही, निम्मे वाचक कमी होतील), त्यामुळे ही तगमग मला कळते. बरेच प्रश्न सारखेच आहेत म्हणून एकत्र घेतो. ज्या खेळाडूला मी हात लावून तपासलेलं नाही त्याचं निदान मात्र करणार नाही. कितीही गळ घाला.

प्रश्न : आमच्या मुख्य मिडफिल्डरचं एसीएल (गुडघ्याला आतून धरून ठेवणारं लिगामेंट) फाटलं, ऑपरेशन झालं. क्लब ‘सहा ते नऊ महिने’ म्हणतो. एका संकेतस्थळावर तर परतीची तारीखच दिली आहे. तो सहाव्या महिन्यात खेळेल असं धरून चालू का? की हंगाम गेलाच समजायचा?

धरू नका. ती तारीख कुणी गुडघा बघून दिलेली नसते. ऑपरेशनच्या तारखेत सरासरी महिने मिळवायचे की झाली तारीख तयार. तुम्ही रोज ती बघायला जाता, बाजूच्या जाहिरातीही बघता, त्यांचं काम होतं.

फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातल्याच दुसऱ्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं, कलम बसवतात. झाडाचं कलम लावल्या दिवशी फळ धरत नाही, तसंच हे. उलट सुरुवातीच्या महिन्यांत ते आधी कमजोर होतं आणि मग हळूहळू जीव धरतं. नेमक्या त्याच काळात सूज उतरलेली असते, खेळाडू मजेत पळत असतो आणि क्लब त्याचा व्हिडिओ टाकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मैदानावर परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकी पुन्हा गुडघा दुखावण्याची शक्यता दर महिन्यामागे साधारण निम्म्याने घटत गेली. आणि नऊ महिने झाले म्हणजे परवाना मिळाला असंही नाही. माझ्याकडे जमिनीवर एक मोजपट्टी चिकटवलेली आहे. एका पायावर उभं राहायचं, पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरून तोल सांभाळायचा. चांगल्या पायाच्या तुलनेत ऑपरेशनचा पाय निदान नव्वद टक्के भरला पाहिजे. नऊ महिने पूर्ण झाले म्हणून पेढे घेऊन आलेले कित्येक जण या पट्टीवर पंचाहत्तरलाच थांबतात. पेढे मी ठेवून घेतो, त्यांना परत व्यायामाला पाठवतो.

आता हंगामाचं. लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइक या बचावपटूचा गुडघा ऑक्टोबर २०२० मध्ये गेला. आदल्या हंगामात ९९ गुण मिळवून विजेता ठरलेला लिव्हरपूल त्या हंगामात ६९ गुणांवर तिसरा आला. त्यांचे इतर सेंटर-बॅकही (मधले बचावपटू) जायबंदी होते, त्यामुळे सगळं खापर एका गुडघ्यावर फोडता येत नाही. मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीला सप्टेंबर २०२४ मध्ये तीच दुखापत झाली आणि सिटी ९१ गुणांवरून ७१ वर आली, तीही तिसरी. म्हणजे फटका बसतो. पण व्हॅन डाइकला त्या हंगामात परत मैदानावर ढकललं नाही, युरो स्पर्धाही त्याने सोडली. पुढच्या हंगामात लिव्हरपूलने ९२ गुण मिळवले, तेव्हा बचावफळीत तोच होता. तुमच्या मिडफिल्डरकडून यंदा काही मिळालं तर वरकड समजा. बाकी त्याच्या सर्जनवर सोडा.

प्रश्न : सामन्यात फिजिओ जो स्प्रे मारतो त्यात काय असतं? खेळाडू लगेच पळायला लागतो.

गार करणारा वायू. कातडी काही क्षण बधिर होते, बरं काहीच होत नाही.

प्रश्न : आमच्या प्रशिक्षकांना वीस-एकवीस खेळाडूंचा छोटा संघच आवडतो. एवढ्यावर हंगाम निघेल का?

निघेलही, नशीब असेल तर. युएफा या युरोपातल्या फुटबॉल संघटनेसाठी स्वीडनचे डॉ. यान एक्स्ट्रांड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवत आहेत. त्यांचा ढोबळ हिशोब असा, की पंचवीस जणांच्या संघात एका हंगामात पन्नासेक दुखापती होतात, म्हणजे माणशी दोन. बऱ्याचशा आठवड्याभरात निपटतात, पण सगळ्या नाहीत. ज्या वर्षी क्लबमध्ये दुखापती कमी, त्या वर्षी गुणतालिकेतली जागा वरची, हेही त्याच नोंदींतून दिसलं. लेस्टरने २०१५-१६ मध्ये २३ खेळाडूंवर इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. पण त्यांना त्या हंगामात युरोपातले सामने नव्हते, हे छोट्या संघाचे भक्त सांगत नाहीत. चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४ पासून पहिल्याच टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाले आहेत. तुमचा क्लब त्यात असेल तर वीस जण कमीच. पाच बदली खेळाडूंची सोय आहे, पण ते पाच बाकावर धडधाकट बसलेले असावे लागतात.

प्रश्न : मोठी रक्कम मोजून घेतलेला विंगर ‘मेडिकल’ पास झाला आणि महिन्याभरात हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) धरून बसला. डॉक्टरांनी काय बघितलं?

हा प्रश्न दर हंगामात येतो. मेडिकल ही पास-नापासाची परीक्षा नाही. हृदयाची तपासणी होते, जुन्या दुखापतींच्या जागांचे एमआरआय काढतात, दोन्ही पायांची ताकद मोजतात. मग डॉक्टर लिहितो : ‘या मांडीचा स्नायू आधी दोनदा फाटला आहे, धोका जास्त आहे.’ तो कागद वर जातो. वर बसलेल्यांना खेळाडू हवाच असतो, ते करारात चार अटी घालतात आणि सही करतात. तुम्हाला दिसतो फक्त छातीला वायरी चिकटवून अंगठा दाखवणारा फोटो.

प्रश्न : हॅमस्ट्रिंग दोन आठवड्यांत बरी करणारं इंजेक्शन निघालं आहे म्हणे. मोठे खेळाडू परदेशात जाऊन घेतात. आमचा क्लब मागे का?

‘म्हणे’ या शब्दावर माझा निम्मा दवाखाना चालतो.

२०१४ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याआधी अ‍ॅटलेटिको माद्रिदचा दिएगो कोस्टा मांडीच्या दुखापतीवर उपचार घ्यायला बेलग्रेडला गेला होता. घोडीच्या वारेपासून (प्लॅसेंटा) काढलेल्या द्रवाने मसाज केला, अशा बातम्या जगभर झळकल्या. तो अंतिम सामन्यात उतरला आणि नवव्या मिनिटाला बाहेर आला. एक बदली खेळाडू तिथेच खर्ची पडला. सामना जादा वेळेत गेला आणि अ‍ॅटलेटिको हरलं. झळकायला हवी होती ती बातमी ही.

स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून टोचायच्या, ते पीआरपी इंजेक्शनही असंच गाजलं. त्याच वर्षी ८० खेळाडूंवरचा एक नीट केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. परतायला दोघांना सारखाच वेळ लागला. तरी हे इंजेक्शन विकलं जातं, कारण पंधरा दिवस वाट बघा, असं सांगायचे पैसे मिळत नाहीत.

युएफाच्या नोंदींत २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ मध्ये २४ टक्के. खेळाचा वेग वाढला, सामने वाढले, विश्रांती घटली. त्यावर सगळ्यांत भरवशाचा उपाय फुकटचा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. याला नॉर्डिक म्हणतात. नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात म्हणून खेळाडू टाळतात, प्रशिक्षक त्याकडे काणाडोळा करतात. तुम्ही स्वतः करणार असाल तर आधी फिजिओकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

प्रश्न : मागच्या हंगामात निर्णायक सामन्यात आमच्या सेंटर-बॅकच्या डोक्याला जबर मार लागला. दोन मिनिटं पडून होता, मग उठला आणि शेवटपर्यंत खेळला. आम्ही त्याचा मोठा फलक केला आहे. विरोधी चाहते म्हणतात त्याला बाहेर काढायला हवं होतं. तो बेशुद्धसुद्धा पडला नव्हता. कोणाचं बरोबर?

त्यांचं. आणि तो फलक उतरवा.

हा माझा दुखरा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबेल. मेंदूला हिसका बसला म्हणजे माणूस बेशुद्ध पडायलाच हवा, ही समजूत कुठून आली कोण जाणे. बहुतेक जण बेशुद्ध पडत नाहीत. ते उठतात, चालतात, पासही देतात. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रेमरला मार लागला, तो खेळत राहिला आणि काही वेळाने त्याने पंचांनाच विचारलं, हा अंतिम सामना आहे का? लोक हा किस्सा हसत सांगतात. मला हसू येत नाही. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जगातले उत्तम डॉक्टर कडेला उभे असताना, एक माणूस आपण कुठे आहोत हे माहीत नसताना मैदानावर पळत होता. टॉटनहॅमचा बचावपटू यान वर्टोंगन याला २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात डोक्याला मार बसला. त्याला परत आत सोडलं आणि थोड्याच वेळात दोघांच्या आधाराने बाहेर आणावं लागलं. त्यानंतर नऊ महिने चक्कर आणि डोकेदुखी सोसत खेळलो, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. त्या काळात ‘याचा फॉर्म गेला’ म्हणणारे चाहतेच होते.

एका छोट्या स्पर्धेत मी कडेला डॉक्टर म्हणून बसलो होतो. हेडरसाठी दोघं उडाले, डोक्यावर डोकं आदळलं. एक जण उठून बाकाशी आला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. स्कोअर विचारला, मी सांगितला. परत विचारला, परत सांगितला. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याचा एक बूट काढून माझ्या पिशवीत टाकला, कारण प्रशिक्षक मागून ‘दहाच मिनिटं, डॉक्टर, दहाच मिनिटं’ करत होते. सामना आम्ही हरलो. प्रशिक्षक माझ्याशी पुढे बोलले नाहीत. मुलगा तीन आठवड्यांनी खेळायला लागला.

मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून नियम सरळ आहे : शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. २०२४ पासून फुटबॉलच्या नियमांत डोक्याच्या दुखापतीसाठी जादा बदली खेळाडूची तरतूद आहे, स्पर्धेच्या आयोजकांनी ती स्वीकारली तर. पण गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही, त्यामुळे त्याला काढायला प्रशिक्षकाचा हात धजत नाही. रग्बीत तात्पुरता बदली खेळाडू घेऊन तेवढ्यात आत नीट तपासता येतं. फुटबॉलमध्ये डॉक्टरने हजारो लोकांच्या शिट्ट्यांमध्ये गवतावर गुडघे टेकून निर्णय घ्यायचा. त्या शिट्ट्या तुमच्या असतात, हे लक्षात असू द्या.

हे वाचणाऱ्यांत कुणाला खेळताना डोक्याला लागलं असेल आणि डोकेदुखी वाढत असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, झापड येत असेल, झटका आला असेल, एकाचं दोन दिसत असेल, मान दुखत असेल किंवा हातापायात जोर नसेल, तर हे वाचणं सोडा आणि रुग्णालय गाठा. यातलं काही नसलं तरी डॉक्टरला दाखवा. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे सुटलो असंही नाही, असा हिसका स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाही. एक-दोन दिवस आराम, मग चालणं, मग हलकं पळणं, एकेक पायरी निदान एकेक दिवसाची, आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरने हो म्हटल्यावरच.

प्रश्न : आमच्या महिला संघात एका हंगामात दोन एसीएल गेले. बूट पुरुषांच्या मापाचे असतात म्हणून का?

बूट हे एक कारण असू शकतं, एकटं नाही. आर्सेनलच्या महिला संघात २०२२-२३ मध्ये मीड, मिडेमा, विल्यमसन आणि वीनरॉयथर अशा चौघींचे एसीएल गेले, तेव्हापासून रोज नवं एक कारण ऐकू येतं. बायकांत ही दुखापत पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त आढळते. सांध्याची ठेवण, उडीवरून उतरण्याची सवय, लहानपणी न मिळालेला ताकदीचा सराव, खराब मैदानं, सगळंच त्यात आहे. मासिक पाळीचं अ‍ॅप विकणाऱ्यांना एवढ्यात पैसे देऊ नका, तो पुरावा अजून कच्चा आहे. फिफाचा ‘११+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप मात्र करा, त्याचा पुरावा पक्का आहे. गुडघा आधीच डळमळत असेल तर आधी तपासणी.

प्रश्न : क्लबचं चिन्ह असलेली नी-कॅप घातली तर गुडघा वाचेल का?

नाही. चिन्ह वाचेल.

प्रश्न : तुमचा क्लब यंदा कितवा येईल?

आमच्या गोलकीपरचा खांदा निखळला आहे. काल रात्री साडेअकराला, घरचे झोपल्यावर, मी त्या तारखांच्या संकेतस्थळावर जाऊन बघून आलो. सहा आठवडे लिहिलं आहे.