'न्यू डील'ला 'नवा करार' म्हणावं का?

प्रश्न असा: "स्पर्धा परीक्षेच्या माझ्या नोट्समध्ये रूझवेल्टच्या 'न्यू डील'ला 'नवा करार' म्हटलंय, दुसऱ्या एका पुस्तकात 'नवे धोरण' आहे. बरोबर काय?"

'न्यू डील' म्हणजे १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेचा अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने आखलेल्या उपाययोजना. त्याला 'नवा करार' नकोच. एक तर मराठीत हे नाव आधीच दिलं गेलंय, बायबलच्या दुसऱ्या भागाला. 'रूझवेल्ट आणि नवा करार' असा मथळा वाचून कुणी मत्तय-मार्कची शुभवर्तमानं उघडून बसला, तर चूक त्याची नाही. दुसरं म्हणजे करार म्हटला की दोन पक्ष आले, अटी आल्या, सह्या आल्या. इथे त्यातलं काहीच नव्हतं. 'नवे धोरण' चुकीचं म्हणता येणार नाही, पण ते सरकारी परिपत्रकातलं वाटतं, आणि मूळ शब्द तर थेट पत्त्यांच्या अड्ड्यावरून उचललेला आहे.

आपल्याकडे 'डील' शब्द आला तो सौद्याच्या अर्थाने. 'फ्लॅटचं डील झालं' असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत मात्र डील म्हणजे पानं वाटणंसुद्धा, आणि वाटणारा तो डीलर. फ्रँकलिन रूझवेल्टच्या आधी त्याच्याच नात्यातल्या अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने 'स्क्वेअर डील'ची घोषणा केली होती. म्हणजे लबाडी न करता केलेली चोख वाटणी. थोरल्याने 'पानं नीट वाटा' म्हटलं, धाकट्याने 'पुन्हा वाटा'.

आता हे 'पुन्हा' कधी म्हटलं ते बघा. २ जुलै १९३२, शिकागो. तोवर अशी पद्धत होती की पक्षाने अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार निवडला, तरी त्याने अधिवेशनाला जायचं नाही, घरी बसून निरोपाची वाट बघायची. रूझवेल्ट ती मोडून ऑल्बनीहून विमानाने थेट शिकागोला गेला आणि भाषणाच्या शेवटी अमेरिकन जनतेला 'न्यू डील'चं वचन देऊन बसला. आठवड्याभरातच, ८ जुलैला, शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ४१.२२ वर आला. सप्टेंबर १९२९ मध्ये तो ३८१ वर होता. पुढच्या वर्षी तर दर चार कामगारांमागे एक बेकार होता. शहरांच्या कडेला पत्र्या-खोक्यांच्या झोपड्या उठल्या होत्या. लोकांनी त्या वस्त्यांना रूझवेल्टच्या आधीचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या नावाने 'हूवरव्हिल' म्हणायला सुरुवात केली. अंगावर पांघरलेलं वर्तमानपत्र ते 'हूवर ब्लँकेट', आणि रिकामा खिसा उलटा करून बाहेर काढला की 'हूवर फ्लॅग'. अशा माणसांपुढे 'नवं धोरण' म्हणून काय कळणार होतं? 'पानं परत वाटू' हे मात्र ज्याच्या हातात सगळी दुर्री-तिर्रीच आली आहे, त्याला लगेच कळतं.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि मला ती शब्दापेक्षा महत्त्वाची वाटते. पानं पुन्हा वाटली म्हणून खेळ बदलत नाही. टेबल तेच, कॅट तोच, हुकूमही चालूच. रूझवेल्टने खाजगी बँका ताब्यात घेतल्या नाहीत. मार्च १९३३ मध्ये त्या काही दिवस बंद ठेवल्या, तपासल्या, उघडल्या आणि पुढे ठेवींना विम्याचं संरक्षण दिलं. (त्या बंदला नाव काय, तर 'बँक हॉलिडे'. सुट्टी!) त्यामुळे 'क्रांती' किंवा 'समाजवाद' असे शब्द वापरणारे त्याचे विरोधक जरा जास्तच बोलत होते. जे 'रॉ डील' (अन्यायाची वाटणी) म्हणून हिणवत होते, ते निदान त्याच रूपकात राहून बोलत होते.

आणि नव्या वाटणीत सगळ्यांना पानं आली का? नाही. शेतमालाचे भाव चढावेत म्हणून १९३३ मध्ये सरकारने उभा कापूस नांगरून टाकायला लावला, सुमारे ६० लाख डुकरांची पिल्लं मारली. कापसाच्या भरपाईचे पैसे जमीनमालकाच्या हातात पडले. कित्येक मालकांनी ते वाट्याने कसणाऱ्या कुळांपर्यंत पोचूच दिले नाहीत, उलट पीक कमी करायचं म्हणून कुळांनाच हाकललं. त्यातूनच १९३४ मध्ये आर्कान्सॉच्या टायरोन्झा गावी गोऱ्या आणि काळ्या कुळांनी मिळून 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' उभी केली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार नेमके याच दोन कामांत होते. 'करार' शब्द वापरला तर 'त्यांच्याशी करारच झाला नव्हता' म्हणून विषय संपतो. 'वाटणी' म्हटली की वाटणारा कोण आणि पानं कुणाकडे गेली, हे विचारावं लागतं.

तेव्हा माझी पसंती 'नवा डाव'ला. मोडलेला डाव पुन्हा मांडणं आपल्या बोलण्यात मुरलेलं आहे. डाव साधणे, डावपेच हे अर्थही सोबत येतात, पण रूझवेल्टसारख्या मुरलेल्या राजकारण्याच्या बाबतीत ते अगदीच गैरलागू नाहीत. शिवाय तो स्वतः पोकर खेळायचा. 'नवी वाटणी' मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे, पण आपल्याकडे वाटणी म्हटली की आधी भावाभावांची शेतजमीन डोळ्यांपुढे येते.

परीक्षेत मात्र 'न्यू डील' असंच लिहा. तपासणाऱ्याला 'नवा डाव' पटेलच असं नाही. लिंगाचं विचाराल तर नुसतं डील नपुंसकलिंगी बरं, 'रूझवेल्टचं न्यू डील'. पुढे 'योजना' जोडलं की स्त्रीलिंगी.