वाचकांचे प्रश्न : माहिती हाती आली, ती आली कुठून?

माहिती साक्षरता, म्हणजे माहिती शोधणे, पारखणे आणि नीट वापरणे, या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. शाळा, कारखाना, विद्यापीठ आणि सरकारी कचेरी अशा सगळ्या ठिकाणांहून पत्रे आली. प्रत्येकाचे काम वेगळे असले, तरी अडचण बरीचशी एकच आहे : माहिती मिळवायला आता वेळ लागत नाही, मात्र मिळालेल्या माहितीवर काम करावे की नाही, हे ठरवायला कोणी शिकवलेले नसते. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. जिथे वर्गात किंवा कामावर उद्यापासून काही करता येण्यासारखे आहे, तिथे जागा अधिक घेतली आहे.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत नववीला शिकवते. परिसराविषयी प्रकल्प दिला की बहुतेक वह्यांत तोच मजकूर, तीच चित्रे आणि शेवटी ‘संदर्भ : गूगल’ एवढेच असते. रागावून उपयोग होत नाही. वर्गात इंटरनेट म्हणजे माझा एकटीचा मोबाइल. अशा परिस्थितीत मुलांना हे शिकवायचे कसे?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : यात मुलांचा दोष थोडा आहे आणि विचारलेल्या प्रश्नाचा जास्त आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ‘कास पठाराची माहिती लिहा’ असे सांगितले की समोर दिसेल ते उतरवून काढणे हाच सर्वांत सरळ मार्ग असतो आणि मुले तोच धरतात. त्याऐवजी एक वाक्य द्यावे आणि ते कितपत खरे आहे हे शोधायला सांगावे. ‘कास पठार हे जागतिक वारसा स्थळ आहे’ हे वाक्य घ्या. पर्यटनाच्या जाहिरातींत आणि कित्येक लेखांत ते असेच छापलेले असते. मात्र युनेस्कोच्या यादीत ‘कास’ या नावाची स्वतंत्र नोंद सापडत नाही. २०१२ मध्ये यादीत आला तो पश्चिम घाट. महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या चार राज्यांतील ३९ ठिकाणे मिळून ती एक नोंद झाली आहे. त्या ३९ ठिकाणांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी येतात. म्हणजे मूळ वाक्य अगदी खोटे नाही, पण पुरेसे खरेही नाही. नववीतल्या मुलाला हा फरक नक्की कळतो आणि तो स्वतः शोधून काढल्याचा आनंद वही भरण्याच्या आनंदापेक्षा पुष्कळ मोठा असतो.

एका मोबाइलची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. एखाद्या सहल कंपनीचे पान, वर्तमानपत्रातील एक बातमी आणि युनेस्कोच्या यादीतील पश्चिम घाटाच्या नोंदीचे पान अशा तीन कागदांच्या झेरॉक्स प्रती काढून प्रत्येक गटाला द्याव्यात. यादीचे पान इंग्रजीत असेल, तर त्यातील आवश्यक ओळींचा अर्थ फळ्यावर लिहावा. गटाने प्रत्येक कागदाविषयी तीन गोष्टी लिहायच्या : हे कोण सांगत आहे, सांगण्यामागे त्याचा काय हेतू असू शकतो आणि ही गोष्ट त्याला कुठून कळली असावी. मोबाइल अगदी शेवटी द्यायचा, तोही एका वेळी एकाच गटाला. आपल्याला नेमके काय शोधायचे आहे, ते शब्द गटाने कागदावर आधी लिहून आणलेले असले पाहिजेत. मुले ‘कास पठार माहिती’ असे लिहून आली तर परत पाठवावे आणि ‘पश्चिम घाट जागतिक वारसा यादी ठिकाणे’ असे काही लिहून आली तर मोबाइल हातात द्यावा. प्रश्न नेमका करण्याचे हे शिक्षण पंचवीस संगणकांच्या प्रयोगशाळेतही सहसा मिळत नाही, कारण तिथे आधी कळ दाबली जाते आणि विचार मागाहून होतो.

मोठ्यांनाही हे सहज जमते असे समजू नका. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली होती. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकार समोरचे पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचत राहिले आणि संस्थेचे भारदस्त नाव, बोधचिन्ह, नीटनेटकी मांडणी पाहून फसले. तपासनीसांनी ते पान जेमतेम पाहिले, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते आधी वाचले. आपण मुलांना ‘पान नीट वाचा’ असे शिकवत आलो आहोत. पुस्तकाच्या बाबतीत ते योग्यच आहे. अनोळखी संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र आधी पानाबाहेर जाऊन चौकशी करायची आणि मग वाचायचे, हा क्रम शिकवावा लागेल.

गुणांची विभागणीही बदलावी, असा माझा आग्रह आहे. प्रकल्पाला वीस गुण असतील, तर त्यांतील किमान आठ शोधाच्या वाटेला द्यावेत : काय शोधले, काय सापडले, काय टाकून दिले आणि का टाकले. ‘टाकून दिले’ हा रकाना मुलांना सर्वांत अवघड जातो. सुरुवातीला तो कोरा येईल आणि तसा तो येऊ द्यावा.

प्रश्न : मुलीने एमएस-सीआयटी केले आहे, टंकलेखन येते, प्रेझेंटेशन उत्तम करते. आता माहिती साक्षरतेचा आणखी एखादा कोर्स करावा का?
— एक पालक, नांदेड

उत्तर : वेगळ्या कोर्सची घाई करू नये. एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे आणि त्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य मुलांची संगणकाची भीती गेली, हे मोठेच काम झाले. पण संगणक चालवता येणे आणि त्यावर आलेली माहिती पारखता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे कौशल्य तिच्या नेहमीच्या अभ्यासातूनच येईल. पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये प्रत्येक आकड्याखाली तो कोणी मोजला आणि कोणत्या वर्षी मोजला हे लिहायला सांगा. ज्या आकड्याखाली ते लिहिता येणार नाही, तो तिनेच काढून टाकावा.

प्रश्न : चाकण भागातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. नवीन डिप्लोमा झालेली मुले हुशार आहेत, पण ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतात आणि त्यावर काम सुरू करतात. जुन्या रिव्हिजनवर (ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीवर) माल बनतो आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो. त्यांना प्रशिक्षण दिले, तरी फरक पडत नाही. हा माहिती साक्षरतेचाच प्रश्न म्हणायचा का?
— एक पर्यवेक्षक, पुणे जिल्हा

उत्तर : होय, आणि या विषयाची सुरुवातच मुळी तुमच्यासारख्या ठिकाणच्या प्रश्नापासून झाली. माहिती साक्षरतेची कल्पना १९७४ मध्ये अमेरिकेतील पॉल झुरकोवस्की यांनी मांडली. ते माहिती उद्योगाच्या एका संघटनेचे अध्यक्ष होते आणि आपल्या कामात माहितीची साधने वापरायला शिकलेला माणूस त्यांना अभिप्रेत होता. पुढे हा विषय ग्रंथालये आणि महाविद्यालये यांच्याकडे गेला आणि कारखाना त्यातून जवळजवळ वगळला गेला, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता तुमचे ड्रॉइंग पाहू. रिव्हिजन क्रमांक, तारीख आणि मंजुरीची सही सहसा उजव्या कोपऱ्यातील चौकटीत असते. मोबाइलवर फोटो काढणारा माणूस त्याला हव्या असलेल्या मापांचा भाग टिपतो आणि नेमकी ती चौकट फोटोबाहेर राहते. फोटो मिळालेल्या मुलाच्या हाती माप आले, पण ते माप कोणत्या तारखेपर्यंत खरे होते हे कळण्याचा रस्ता बंद झाला. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.५ मध्ये दस्तऐवज आणि त्यांच्या आवृत्त्या यांवरील नियंत्रण सांगितलेले आहे. तुमच्याकडे ‘कंट्रोल्ड कॉपी’चा, म्हणजे ही चालू आणि अधिकृत प्रत आहे असे सांगणारा, शिक्काही असेलच. मुलांना नियम तोंडपाठ असतो. तो शिक्का कशासाठी मारतात, हे त्यांना दिसलेले नसते.

म्हणून वर्ग भरवण्याऐवजी रिजेक्ट झालेल्या त्याच लॉटमधील एक नग, जुने ड्रॉइंग आणि नवे ड्रॉइंग अशा तीन वस्तू मशीनशेजारी टेबलावर ठेवाव्यात आणि नेमका फरक कुठे आहे ते नव्या मुलांना शोधायला लावावे. चूक ज्याच्या हातून झाली त्याचे नाव त्यात मुळीच येऊ देऊ नये, नाहीतर पुढची चूक लपवली जाईल. फोटो पाठवायचाच असेल, तर कोपऱ्यातील चौकटीचा फोटो आधी आणि मापाचा नंतर, अशी शिस्त लावता येईल. शिवाय काम सुरू करण्यापूर्वी चालू रिव्हिजन क्रमांक त्या मुलाने स्वतःच्या हाताने जॉब कार्डवर लिहावा. छापून आलेला क्रमांक डोळ्यांखालून निघून जातो, पण स्वतः लिहायचा म्हटला की तो आधी शोधावा लागतो.

याला आणखी एक बाजू आहे. ॲनमरी लॉइड या संशोधिकेने ऑस्ट्रेलियातील अग्निशमन दलाच्या जवानांचा अभ्यास केला. नवखे जवान पुस्तकातून आणि नियमावलीतून शिकून येतात, पण आग कशी वागते याचे ज्ञान त्यांना प्रत्यक्ष अनुभवातून आणि जुन्या सहकाऱ्यांकडून मिळते, असे लॉइड यांना दिसून आले. तुमच्या शॉपमध्येही टूल बोथट झाल्याचे आवाजावरून ओळखणारा एखादा जुना ऑपरेटर असणार. ही माहिती कोणत्याही ड्रॉइंगवर नसते आणि कोणत्याही शोधयंत्रात सापडत नाही. कोणाला काय विचारायचे, हे कळणे म्हणजेसुद्धा माहिती साक्षरताच आहे. नवीन मुलगा त्या ऑपरेटरला ‘काका, आवाज बदलला म्हणजे नेमके काय झाले?’ असे विचारू धजतो का, हे मात्र पर्यवेक्षकाच्या वागण्यावर अवलंबून असते. विचारणाऱ्याला हसले गेले की तो पुन्हा मोबाइलकडे वळतो.

प्रश्न : मी मराठी विषयात एम.ए. करत आहे. प्रबंधिकेसाठी चॅटजीपीटीकडून संदर्भ घेतले. मार्गदर्शक म्हणतात की त्यांतील काही लेख अस्तित्वातच नाहीत. पण लेखकांची नावे खरी आहेत! साम्य-तपासणीत (दुसऱ्यांच्या छापील मजकुराशी किती जुळते, हे सॉफ्टवेअरने तपासतात त्यात) तर माझे लेखन दहा टक्क्यांच्या आतच आहे. मग अडचण काय?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अडचण गंभीर आहे आणि ती आताच लक्षात आली हे चांगले झाले. अशी साधने शब्दांमागून संभाव्य शब्द जुळवून मजकूर रचतात. त्यामुळे खरा लेखक, खरे नियतकालिक, पटण्याजोगा अंक-क्रमांक आणि कधीच न लिहिलेला लेख हे सगळे एकाच ओळीत येऊ शकते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. त्यांतील एका वकिलाने निवाडा खरा आहे का, हे चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि त्याने ‘होय’ म्हणून सांगितले होते. ज्याने माहिती दिली त्यालाच ती खरी आहे का असे विचारणे, ही काही तपासणी नव्हे.

दहा टक्क्यांचे म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार तेवढ्या साम्यापर्यंत दंड नाही, हे खरे आहे. पण ते सॉफ्टवेअर मजकुराचे साम्य मोजते, संदर्भाचा खरेपणा मोजत नाही. बनावट संदर्भ कुठेच छापलेला नसल्यामुळे तो तर हमखास निसटतो.

प्रत्येक संदर्भासाठी त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा. प्रबंध असेल तर शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह पाहा. मराठीच्या विद्यार्थ्याला इथे एक विशेष काळजी घ्यावी लागते. आपली जुनी मासिके मोठ्या प्रमाणावर अजून इंटरनेटवर नाहीत, त्यामुळे ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असेही म्हणता येत नाही. जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी ठेवा, तिचे दोन खंड १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद देतात. मासिकांसाठी ग्रंथालयात जाऊन बांधीव खंड उघडावे लागतील. जो लेख तुम्ही स्वतः पाहिलेला नाही, तो संदर्भसूचीत ठेवू नका, मग सूची अर्ध्यावर आली तरी चालेल.

प्रश्न : मी एका अनुदानित संस्थेच्या कार्यालयात लिपिक आहे. कर्मचाऱ्यांच्या गटांवर रोज शासन निर्णय येऊन पडतात. कोणता खरा, कोणता खोटा, कोणता जुना हे कळत नाही आणि साहेब मात्र ‘त्यानुसार टिपणी ठेवा’ म्हणतात. काय करावे?
— एक लिपिक, अकोला

उत्तर : सुदैवाने तुमच्या कामात तपासणीची सोय कागदावरच असते. शासन निर्णयाच्या शेवटी, सहीच्या वर, हा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगून त्याचा संकेतांक दिलेला असतो. त्या लांब आकड्यातील पहिले आठ अंक सहसा वर्ष, महिना आणि दिवस असे वाचता येतात. वरची तारीख आणि हे अंक जुळत नसतील, तर तिथेच थांबावे. जुळत असतील, तरी संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ प्रत स्वतः उतरवून घ्यावी, कारण अंक नक्कल करणे कोणालाही जमते. गटावर आलेल्या प्रतीवरून टिपणी कधीच ठेवू नये.

खऱ्या निर्णयानेही दिशाभूल होते आणि माझ्या मते बनावट कागदापेक्षा हा धोका मोठा आहे. मसुदा अधिसूचना हरकती व सूचना मागवण्यासाठी काढलेली असते, पण गटावर ती अंतिम आदेश म्हणून फिरते. एखादा निर्णय नंतरच्या निर्णयाने अधिक्रमित झालेला, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतलेली असते किंवा त्याला शुद्धिपत्रक निघालेले असते. म्हणून वरची ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ ही यादी ओलांडून पुढे जाऊ नका. त्यातील आधीचे निर्णय काढून पाहिले की आताच्या निर्णयाने नेमके काय बदलले हे उमगते. त्यानंतर त्याच विभागाखाली पुढच्या तारखांचा शोध घेतला की तो अजून लागू आहे की नाही याचा अंदाज येतो. निर्णय कोणाला लागू आहे, हे वाक्यही शोधून काढावे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठीचा निर्णय अनुदानित संस्थेला आपोआप लागू होतोच असे नाही.

साहेबांपुढे टिपणी ठेवताना पहिल्या परिच्छेदातच संकेतांक, मूळ प्रत कोणत्या तारखेला उतरवून घेतली आणि नंतरचे शुद्धिपत्रक आढळले की नाही, हे लिहावे. तपासणीला वेळ हवा असेल, तर तसे लेखी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि कार्यालयाचे हितही त्यातच आहे.