सात महिन्यांनंतरची तलफ

"मॅडम, सात महिने झाले, एकही ओढली नाही. पण परवा अशी तलफ आली की बस. म्हणजे सुटलीच नाही ना माझी?"

सिगारेट सोडलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेकदा मान खाली घालून. हे एसटीचे चालक, वय ४७. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वीस वर्षं दिवसाला १५ सिगारेटी. बोलताना त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, लायटर पेटवताना फिरतो तसा. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी त्यांना सांगितलं, निकोटीन दोन-तीन दिवसांतच अंगातून जातं. चिडचिड, बेचैनी, सारखी भूक, हा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि साधारण महिनाभरात ओसरतो. आता जी येते ती आठवण आहे. ती जागेला, वेळेला चिकटलेली असते. ती आली म्हणून तुमचे सात महिने वाया गेलेले नाहीत.

मग एक छोटी वही दिली. तलफ आली की वेळ, जागा आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात एकाच ठिकाणच्या: कुंभार्ली घाट चढून गाडी हेळवाकला थांबते, तिथल्या चहाच्या वेळच्या. घाट सुखरूप पार पडला की चहा आणि सिगारेट, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं बक्षीस. उरलेल्या चार रात्रीच्या, अंथरुणात तळमळतानाच्या.

त्या चार नोंदींवर मी अडले. चहा किती घेता, विचारलं. आठ-नऊ कप! सिगारेट सुटल्यापासून वाढलेलाच. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकालात काढत असतं. धूर थांबला की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. छातीतली धडधड, उडालेली झोप, यात चहाचा वाटा मोठा असणार, आणि हा माणूस त्यालाच तलफ समजून घाबरत होता.

चहा चार कपांवर आणला, संध्याकाळनंतर बंद. हेळवाकचा चहा मात्र ठेवला. ते बक्षीस काढून घेणं मला पटेना. फक्त टपरीच्या बाकावर बसायचं नाही, गाडीभोवती फेरी मारत, टायर बघत प्यायचा. तलफ आली की घड्याळ बघायचं. ती चढते आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते. 'एकच झुरका' मात्र अजिबात नाही. त्या एका झुरक्यावरून पुन्हा पाकिटावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं रडणंही. अगदीच राहवलं नाही तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. तो नंबर त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतला.

गेल्या महिन्यात आले तेव्हा झोप लागू लागली होती. वही त्यांनी स्वतःहून पुढे केली. शेवटची नोंद होती: 'हेळवाक, ४.२०. आली. सहा मिनिटं. मागच्या डाव्या टायरात हवा कमी.'