मी कथालेखक आहे, चाळिशीनंतर चित्रं काढू लागलो. कलाशिक्षण नाही, अठरा चित्रं तयार आहेत. प्रदर्शन भरवावं का?

भरवा. पण लगेच नको, आणि त्याआधी लेखकाची एक खोड मोडावी लागेल.

मीही कथा लिहिणारी. बावन्नाव्या वर्षी ब्रश हातात घेतला, तोही भाचीच्या रंगपेटीतला.

शिक्षणाचं आधी उरकते. शांतिनिकेतनात कलाभवन उभं करणाऱ्या रवींद्रनाथांनी स्वतः चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. १९२४ साली ते अर्जेंटिनात तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे होते, ‘पूरबी’च्या कविता लिहीत होते. खोडलेल्या ओळी तशाच न सोडता ते एकीला दुसरी जोडत जायचे, आणि त्या खाडाखोडीतून पक्षी, चेहरे, कुठल्याच जंगलात नसलेली जनावरं निघायची. ओकाम्पोबाई ती वही पाहून हरखल्या. पुढे मे १९३०मध्ये पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं, ते याच बाईंच्या खटपटीमुळे. तेव्हा रवींद्रनाथ ६९ वर्षांचे. एकूण चित्रं दोन हजारांच्या वर. आणि बहुतेकांना त्यांनी नावंच दिली नाहीत! शब्दांची ददात ज्याला आयुष्यात कधी पडली नाही, त्या माणसानं.

मला हे उशिरा कळलं. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी प्रत्येक चित्राखाली आठ-दहा ओळींचा मजकूर लावला होता. विहिरीच्या चित्राखाली आजोळची आठवण, रिकाम्या खुर्चीखाली वडील, असं. अगदी मन लावून लिहिलेलं, दोनदा मुद्रितशोधन केलेलं. पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून पाहत होते. माणसं येत, वाकून मजकूर वाचत, मान डोलवत आणि पुढच्या मजकुराकडे सरकत. चित्राकडे नजर जायची ती जाता जाता. एका वाचकबाईंनी तर हात हातात घेऊन विचारलं, ‘‘हे छानच, पण पुढचा संग्रह कधी?’’ दुसऱ्या दिवशी दालन उघडायच्या आत मी सगळे कागद काढले. त्या दिवशी गर्दी कमी होती, पण एक कॉलेजातला मुलगा विहिरीसमोर बराच वेळ उभा राहिला. त्याला ती विहीर वाटलीच नाही, डोळा वाटला. मी आजोळ गिळून टाकलं.

तेव्हा तुमची अठरा चित्रं भिंतीला टेकवून ठेवा आणि बघा, कुठलं चित्र तुमच्या सांगण्याशिवाय उभं राहतं. जे फोनवर सांगूनही पुरतं कळतं, ते अजून कथाच आहे. ते बाजूला ठेवा, लिहून काढा हवं तर.

आता व्यवहाराचं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न जरूर बघा, पण तिथला नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आधी गावातलं लहान दालन घ्या किंवा दोघातिघांत मिळून भरवा, भाडं वाटलं जातं. माझा सगळ्यात मोठा खर्च फ्रेमचा झाला, दालनाचा नाही. मी हौसेनं प्रत्येक चित्राला वेगळी नक्षीदार फ्रेम केली होती, भिंत लग्नाच्या हॉलसारखी दिसत होती. एकाच रुंदीची साधी पट्टी, पांढरा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बास. कागदावरचं काम असेल तर माउंट हवाच, नाहीतर चित्र काचेला चिकटतं. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा आणि दोन चित्रांत जागा सोडा. दालनात माहिती लावायचीच तर स्वतःबद्दल एक परिच्छेद, दाराशी. चित्राखाली फक्त माध्यम, आकार, साल.

किमती आकारावरून ठरवा, जिव्हाळ्यावरून नको. रिकाम्या खुर्चीला मी मनातल्या मनात जी किंमत लावली होती ती कुणालाच परवडली नसती. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लागते. माझ्याकडे चार लागल्या, त्यातल्या दोन आतेभावाच्या. ती दोन्ही चित्रं अजून त्याच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेली आहेत.

आणि हो, सही. पुस्तकावर करतो तशी ऐसपैस नको, कोपऱ्यात बारीक करा. माझ्या त्या विहिरीत आधी सहीच दिसते.